परिषदेतले सात फेटे

तुमच्या आजोबांना एकाच वेळी दोन वरिष्ठ होते. एक बिशपसाहेब आणि दुसरे आबा. बिशपसाहेबांच्या मते आजोबा मुळात पाळक होते आणि काही काळ कॉलेज सांभाळत होते. आबांच्या मते ते मुळात प्राचार्य होते आणि रविवारी सकाळी त्यांना कसलीशी सवय होती.

मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर विचारलंत की आजोबा नक्की कोण होते. मी "दोन्ही" म्हणाले आणि फोन बंद पडला. म्हणून आता नीट, क्रमाने लिहिते.

आजोबांचा जन्म माण तालुक्यातला. तिथे पाऊस पडलाच तर लोक बाहेर येऊन बघत उभे राहतात. मिशनच्या शाळेत शिकून ते एम.ए. झाले, मग मेथॉडिस्ट पाळक झाले. आमचं लग्न झालं तेव्हा त्यांची नेमणूक लोणंदला होती, मग शिरवळला, मग आणखी दोन-तीन ठिकाणी. आणि मग सत्तरच्या दशकात, साताऱ्याहून सांगलीला जाताना लागणाऱ्या एका उसाच्या गावात, तिथल्या बागायतदारांनी स्वतःचं कॉलेज काढलं. इमारत झाली, मुलं आली, बाकं आली, पण प्राचार्य टिकेना. पहिले दोघे वर्षाच्या आत निघून गेले. मग कोणीतरी सुचवलं की एक पाद्री आहे, तर्कशास्त्र शिकवतो आणि भांडत नाही. पत्रापत्री झाली आणि बिशपसाहेबांनी आजोबांना 'विशेष नेमणूक' म्हणून कॉलेजला उसने दिले. पत्रं संस्थेच्या कारकुनाने लिहिली होती. संस्थेचे अध्यक्ष होते आबा, आणि आबा कधी पत्र वाचत नसत, फक्त सही करत.

आबा म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले गडी. ऊस चिक्कार, मिशा मोठ्या, मन त्याहून मोठं. पहिल्याच दिवशी त्यांनी आजोबांना 'फादर' म्हणून हाक मारली.

"आबा, आमच्यात फादर म्हणत नाहीत," आजोबा म्हणाले. "आम्ही मेथॉडिस्ट. ही माझी पत्नी, ही मुलगी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, तुमच्या आईकडे पाहिलं. "मग तर खरंच फादर की! पोरीचा बाप न्हवं तुमी?"

बऱ्याच चर्चेनंतर 'फादरसर' यावर तडजोड झाली.

आजोबांची दोन्ही कामं एकमेकांत मिसळत. प्रवचन आणि कॉलेजच्या सूचना ते एकाच खाकी फोल्डरमध्ये ठेवत. मी दोन वेगळ्या रंगांचे फोल्डर आणून दिले होते, तर त्यांनी एकात पेरूच्या बिया जपून ठेवल्या. एका रविवारी उपासनेत त्यांनी गंभीर आवाजात वाचलं, "ज्यांची हजेरी कमी भरेल त्यांना या वर्षी बसता येणार नाही." पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई लगेच उठल्या. "मागच्या रविवारी गुडघा दुखत हुता म्हणून न्हाई आले, पाळकसायब. आता समदी उपासना उभ्यानं करू व्हय?" उलट कॉलेजात प्राध्यापकांची सभा संपली की आजोबा सवयीने उभे राहून दोन्ही हात वर करत आणि आशीर्वाद देत. भूगोलाचे सर, गळ्यात तुळशीची माळ, सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हणत. त्यानंतर चहा येई.

आता मेथॉडिस्टांची एक रीत सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. आमच्यात पाळकाने कुठे राहायचं हे पाळक ठरवत नाही. वर्षातून एकदा सगळ्या पाळकांची परिषद भरते आणि शेवटच्या दिवशी बिशपसाहेब नेमणुकांची यादी वाचतात. तोपर्यंत कोणालाच काही ठाऊक नसतं. नाव वाचलं गेलं की आठवड्यात सामान घेऊन निघायचं. 'पाठवतील तिथे जाईन' असं वचनच दिलेलं असतं. म्हणून प्रत्येक पाळकाची बायको परिषदेच्या आधी घर बांधून ठेवते. जायचं नसलं तरी. न गेल्यास ट्रंका उघडायला अर्धा दिवस लागतो. जायचं ठरलं आणि ट्रंका तयार नसल्या तर काय होतं, ते मी लोणंदला एकदा अनुभवलं होतं. आमचं जातं आणि माझी शिवणाची पेटी अजून तिथेच कोणाकडे तरी असावी.

तर त्या वर्षी परिषद जानेवारीत, सांगलीला होती, आणि तुमच्या आईचं मॅट्रिकचं वर्ष होतं. परीक्षा मार्चमध्ये. तोवर तिच्या पाच शाळा झाल्या होत्या. सहाव्या शाळेत जाऊन, दोन महिन्यांत नवी बाई, नवी मुलं, नवी पुस्तकं करून मॅट्रिकला बसायचं म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.  ट्रंक नंबर तीनमध्ये भूमितीचं पुस्तक ठेवायला तिने साफ नकार दिला आणि ते उशाखाली घेऊन झोपू लागली. मला एवढंच हवं होतं की तिची परीक्षा होईपर्यंत आम्हाला कोणी हलवू नये.

मी आजोबांना म्हणाले, "बिशपसाहेबांना एक ओळ लिहा. मुलीचं वर्ष आहे म्हणून."

"मागायचं नसतं," आजोबा म्हणाले.

"मग मी लिहिते."

"तूही मागायचं नसतं. वचन दे, बिशपसाहेबांशी यातलं एक अक्षर बोलणार नाहीस."

मी वचन दिलं. वचन बिशपसाहेबांपुरतं होतं, हे मी त्याच वेळी मनात नोंदवून ठेवलं.

पहिली दोन वर्षं आम्ही एका बोळात भाड्याने राहत होतो, त्यामुळे माझं बांधाबांधीचं काम कोणाला दिसलं नव्हतं. या वर्षी संस्थेने आम्हाला कॉलेजसमोर, रस्त्याला लागून, नवं घर दिलं होतं. मी गाद्या उन्हात घातल्या, पाच ट्रंकांवर आकडे रंगवले, कोंबड्या शेजारच्यांना देऊन टाकल्या. ऊस वाहणारे ट्रॅक्टर रस्त्याने जाताना हळू होऊ लागले. कॉलेजच्या शिपायाने ट्रंका मोजल्या. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पक्की झाली होती की फादरसरांना सांगलीच्या एका मोठ्या कॉलेजने पळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा जीप घेऊन आले. आजोबा तासावर होते. आबा अंगणातल्या गाद्यांच्या मधोमध उभे राहिले.

"बाई, ह्ये काय?"

"गाद्या आहेत, आबा."

"त्ये दिसतंय मला. कुठं निगालाय?"

"कुठेच नाही. ही आमच्यातली रीत आहे. दर वर्षी सामान बांधायचं."

"आमी बी सामान बांधतो की. पन कवा? जायाचं आसल तवा!" आबा ट्रंक नंबर दोनवर बसले. "काय कमी पडलं फादरसरांना? माझं काय चुकलं? गॅदरिंगला मी मधीच उठून गेलो म्हणून?"

मी त्यांना पाणी दिलं आणि नेमणुकांचं सगळं समजावून सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे आमच्या कॉलेजचा प्रिन्सिपल कोन, ह्ये तिसराच मानूस ठरिवनार?"

"बिशपसाहेब ठरवतात."

"त्येंचं गाव कंचं?"

"आबा, त्यांच्याकडे रदबदली चालत नाही. यांनी तर मला एक अक्षर बोलायला बंदी केली आहे."

"तुमाला केलीया. मला कुटं केलीया?"

 मग मी परिषदेचं छापील वेळापत्रक काढलं आणि हॉल कुठे आहे, शेवटचा दिवस कोणता, सभा किती वाजता सुरू होते, एवढं फक्त वाचून दाखवलं. वेळापत्रक वाचायला काही बंदी नव्हती. आबा उठले तेव्हा मला त्यांच्या आवाजाची आठवण झाली. कवायतीच्या मैदानात तयार झालेला आवाज. म्हणून मी घाईने म्हणाले, "आबा, तिथे ओरडायचं नसतं हं. काही म्हणायचं असलं तर नुसता हात वर करतात."

हे एक वाक्य मी बोलले नसते तर पुढचं काही झालं नसतं.

परिषदेला मी आजोबांबरोबर गेले. तुमची आई आबांच्या घरी, त्यांच्या पत्नीपाशी राहिली. शेवटच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये गीत सुरू झालं आणि मागचं दार उघडलं. आबा आणि संस्थेचे सहा सभासद, सातही जण कडक इस्त्रीच्या कपड्यांत आणि लग्नातल्या फेट्यांत, ओळीने आत आले. बाहेर पाहुण्यांसाठी एक बाक होता. तो त्यांना दिसला नाही. ते थेट पाळकांच्या मागच्या रांगेत बसले. आमच्या लोकांना वाटलं, कुठल्या तरी खेड्यातली नवी मंडळी आली. दोघा-तिघांनी वळून "सलाम, बंधू" केला. आबांनीही सलाम केला, फौजेतला, टाच आपटून.

आजोबांनी मागे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी गीताच्या पुस्तकात तोंड खुपसलं.

कामकाज सुरू झालं. मागच्या सभेचा वृत्तान्त मंजूर आहे का? हात वर करा. सात हात वर गेले, सगळ्यांत आधी. स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे आभार? सात हात. हॉलच्या पत्र्याची गळती पुढच्या वर्षी काढावी की याच वर्षी? आधी 'पुढच्या' साठी विचारलं, सात हात वर. मग 'याच' साठी विचारलं, पुन्हा तेच सात. चिटणीस हात मोजताना दोनदा चुकले आणि त्यांनी चष्मा पुसला. माझ्या मागे एक सभासद कुजबुजला, "आबा, ह्यात फादरसर कुटं आलं?"

"तू हात खाली घिऊ नगंस. कंच्या टायमाला येतंय काय सांगावं?"

अकरा वाजता दारूबंदी समितीची पाळी आली. या समितीचे चिटणीस तुमचे आजोबाच होते. मुख्य भाषण मात्र एका म्हाताऱ्या पाळकांनी केलं. त्यांचा आवाज इतका खोल होता की खिडकीची काच थरथरायची. दारूने बुडालेली घरं, रडणाऱ्या बायका, उपाशी लेकरं. सभासदांपैकी एकाने डोळे पुसले. शेवटी म्हाताऱ्या पाळकांनी हात पसरले. "आज, या क्षणी, कोण उभा राहतो? कोण म्हणतो, मी आहे?"

आबा ताडकन उठले. त्यांच्या मागून सहाही उठले. सात हात वर.

इथे तुम्हाला सांगायला हवं की आबांकडे दारूचं परमिट होतं. त्या काळी ते तब्येतीच्या कारणावर मिळे. आबांची तब्येत रोज संध्याकाळी सात वाजता बिघडे आणि नऊ वाजता बरी होई. हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. एवढी मोठी माणसं, फेटे बांधून, न सांगता! बिशपसाहेब व्यासपीठावरून खाली उतरले आणि त्यांनी गाव विचारत सातही जणांचे हात हातात घेतले. आजोबा प्रतिज्ञेची छापील कार्डं घेऊन आबांपुढे गेले. त्यांचा चेहरा मी आजन्म विसरणार नाही.

"आबा," ते हळू आवाजात म्हणाले, "नक्की ना?"

"नक्की म्हंजे? त्याच्यासाठीच सकाळधरनं आलोय न्हवं?"

"घरी विचारलंत?"

"घरी काय इचारायचं? तिनंच तर सांगितलं, काम करूनच या म्हणून."

आजोबांनी आणलेला कागद आबांनी आजवर कधी वाचला नव्हता. हाही वाचला नाही. झोकात सही केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि कार्ड पुढे सरकवलं. सहा जणांनी त्यांच्या पाठोपाठ आपापल्या कार्डांवर सह्या केल्या. मला सगळं कळलं होतं. पण मी काय करणार? उठून ओरडू? तिथे ओरडायचं नसतं.

तीन वाजता बिशपसाहेबांनी नेमणुका वाचल्या. आमचं नाव शेवटून तिसरं आलं. 'विशेष नेमणूक, प्राचार्य,' पुढच्या वर्षापर्यंत. मला एकदम रडूच आलं. मागून आबांचा आवाज आला, "बगितलंस? आर्ज मंजूर!"

बाहेर बिशपसाहेब मला भेटले. "खरं सांगू का बाई," ते म्हणाले, "सकाळपर्यंत मी तुम्हाला दुसरीकडे पाठवणार होतो. यादीत लिहिलंही होतं. पण एका गावातले सात बागायतदार एका दिवशी दारू सोडतात, तिथलं काम अर्धवट कसं तोडायचं? दुपारी जेवताना मी ते खोडलं."

मी आभार मानले. वचन दिलं होतं, म्हणून एक अक्षर जास्त बोलले नाही.

निघण्याआधी आम्ही सगळे हॉलजवळच्या एका हॉटेलात बसलो. भडंग आणि चहा आला. आबा फार खुशीत होते. त्यांनी खिशातून प्रतिज्ञेच्या कार्डाचा अर्धा भाग काढला. तो सही करणाऱ्याकडेच राहतो. "ह्यो कागद आता फ्रेम करून कॉलेजात लावनार," म्हणत त्यांनी चष्मा चढवला आणि वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या मिशा हळूहळू खाली आल्या.

"फादरसर," ते म्हणाले, "ह्यात तुमचं नाव कुटंच न्हाई."

"माझं कसं असेल? तुमची प्रतिज्ञा आहे."

"कसली प्रतिज्ञा?"

मग मीच सगळं सांगितलं. हात वर करायचा सल्ला, कार्ड, बिशपसाहेबांनी खोडलेली ओळ, सगळं. काही लपवलं नाही.  आजोबा उठले. त्यांनी कोट झटकला.

"हे बरोबर नाही झालं. बिशपसाहेब अजून गेले नाहीत. मी त्यांना जाऊन सांगतो की सह्या गैरसमजाने झाल्या."

"अहो, पण पोरीची परीक्षा..." माझ्या तोंडून गेलं.

"खोट्यावर मिळालेली नेमणूक आपल्याला नको."

ते दरवाजापर्यंत गेले होते. आबांनी बसल्या जागेवरून त्यांच्या कोटाचं टोक धरलं.

"बसा खाली! कुनाचा गैरसमज? मी काय दूधखुळा हाय व्हय?"

"आबा, तुम्हाला माहीत नव्हतं..."

"नव्हतं तवा नव्हतं. आता हाय. सही माझी हाय न्हवं? फौजेत शिकलोय मी, सही केली की केली." आबांनी हॉटेलात, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, हात वर केला. "ह्यो बगा. आता तर समजून-उमजून केला. आता काय खोटं ऱ्हायलं? सांगा तुमचं ते तर्कशास्त्र काय म्हनतंय!"

 आजोबा खाली बसले.

आबांनी वळून सहा जणांकडे पाहिलं.

"आबा, आमी तर नुसतं तुमच्या मागनं उठलो," एक जण रडवेला होऊन म्हणाला.

"तसंच आता माज्या मागनं बसा. हात!"

सहा हात वर आले, पण फार हळू. वेटरला वाटलं आणखी सहा चहा हवेत. ते त्याने आणले.

अशा रीतीने तुमच्या आईचं वर्ष वाचलं. पण कोणी दारू सोडली की त्याच्या संध्याकाळचं काय होतं, याचा विचार दारूबंदी समितीने कधी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी सात वाजता आबा आमच्या पडवीत हजर.

"फादरसर, ही सात ते नऊची येळ तुमी कशी घालवता?"

आजोबांनी मोठ्या उत्साहाने त्यांना तर्कशास्त्र शिकवायला घेतलं. दोन दिवसांत आबा वैतागले आणि आपली खुर्ची उचलून पडवीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे तुमची आई अभ्यास करत असे. मग ते रोज येऊ लागले. मी लिंबाचं सरबत देई, ते तोंड वाकडं करून पीत, पुस्तक उलटं धरून तिची प्रमेयं म्हणून घेत. चुकली की तिच्या आधी त्यांनाच कळायचं, कारण तोवर ती त्यांनाच पाठ झाली होती. फक्त अंकगणितावर त्यांचं आणि पुस्तकाचं पटलं नाही. एका नळाने टाकी भरते, दुसऱ्याने रिकामी होते, दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल?

"कुनी काढलं ह्ये गनित?" आबा भडकले. "आमाला उसाला पानी मिळंना आन् ह्यो गडी खालचा नळ उघडा ठिवून बसलाय! लिव्ह उत्तर: आदी खालचा नळ बंद करा."

"आबा, मार्क जातील!"

"जाऊ देत. पानी तर वाचंल?"

मार्चमध्ये अंकगणिताच्या पेपरात नेमकी टाकी आली. तुमची आई घरी आली तेव्हा आबा दुपारपासूनच पडवीत बसले होते. परीक्षा कशी गेली, किती प्रश्न सोडवले, असलं काही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त भुवया वर करून विचारलं, "नळ बंद केलास का न्हाई?"

ती म्हणाली, "आधी त्यांचं उत्तर लिहिलं. मग वेळ उरला, तेव्हा खाली तुमचं लिहिलं."

आबा खुर्चीवरून उठले आणि आत डोकावून मला ओरडून म्हणाले, "बाई, आज सरबतात साखर जास्त टाका!"